कात्रजच्या घाटातले पलिते: ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये हुलीचा सिनॅरिओ बांधताना (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर. नकाशा. वेळ: ३ तास

काम असं आहे: ‘एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन’ या संगणकावरच्या युद्धखेळाच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये (स्वतःचा डाव बांधायच्या साधनात) असा डाव बांधायचा की ज्यात लढून सुटता येत नाही. शत्रू भलतीकडे धावला तरच सुटका.

प्रसंग ठरलेला आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला आणि महाराज सिंहगडाकडे निघाले. बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून उजेड कात्रजच्या घाटात नाचवला, खानाची फौज त्यामागे गेली, असं परंपरेने सांगतात. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार त्याच गोष्टीवरून आला. हुलीच्या डावासाठी हा प्रसंग फार सोयीचा आहे, कारण त्यात ठिकाणं तीनच आहेत आणि सगळं त्या तिघांमधल्या अंतरावर ठरतं.

नकाशा टायनी घेतला, १२० बाय १२० टाइल (नकाशाचे चौकोन). लाल महाल ते घाटाचं तोंड ४० टाइल, घाट ते सिंहगडाचा पायथा ५० टाइल, लाल महाल ते सिंहगड ६६ टाइल. खरा भूगोल या मापात बसत नाही. दिशा तेवढ्या सांभाळल्या आहेत: घाट दक्षिणेला, गड नैर्ऋत्येला.

कलर मूड ‘नाइट’ ठेवला. त्याने पडद्यावर अंधार दिसतो एवढंच. युनिटची (सैनिक, घोडेस्वार, गावकरी अशा प्रत्येकाची) नजर दिवसाइतकीच राहते. रात्र आहे म्हणून पहारेकऱ्यांना कमी दिसेल असं धरून अंतरं आखली होती, ती सगळी पुन्हा आखावी लागली. अर्धा तास त्यात गेला.

मराठ्यांची वेगळी सभ्यता गेममध्ये नाही. दोन्ही बाजूंना हिंदुस्तानी दिले. त्यामागे कारण आहे: सभ्यता वेगवेगळ्या असल्या की घोड्यांच्या वेगाची संशोधनं आणि बोनस वेगळे पडतात, आणि या डावाचं सगळं गणित वेगावर आहे. एडिटरमध्ये कुठल्याही सभ्यतेला कुठलंही युनिट देता येतं, त्यामुळे हिंदुस्तानींना एरवी न मिळणारे नाईट (चिलखती घोडेस्वार) मुघल बाजूला ठेवता आले.

मुघल पहारा: १० नाईट, १६ भालेकरी, महालाजवळ एक टेहळणी बुरूज. मराठे: घोड्यावरचं एक हिरो युनिट, १२ भालेकरी, आणि हुलीसाठी ४ लाइट कॅव्हलरी (हलके घोडेस्वार). हिरो पडला की डाव संपला.

५ ऑक्टोबर. बैल. वेळ: ४ तास, बहुतेक वाया

सुरुवात गोष्टीप्रमाणे बैलांपासून केली. एडिटरमधल्या गाई घेतल्या, आठ नग, प्लेअर १ च्या (मराठ्यांच्या) मालकीच्या, आणि घाटाच्या रस्त्यावर सोडल्या.

पहिली चाचणी: नाईट शेजारून गेले आणि गाई मुघलांच्या झाल्या. मेंढ्या-गुरांचा नियमच तसा आहे. जवळ मालकाचं कुणी नसेल आणि दुसऱ्याचं युनिट आलं, की जनावर रंग बदलतं. रोजच्या खेळात मेंढ्या चोरताना हा नियम सगळ्यांना आठवतो. डाव बांधताना तो डोक्यातून निसटला होता.

दुसरी चाचणी: गुरांसोबत एक गावकरी ठेवला, गुराखी म्हणून. आता गुरं आपलीच राहिली. पण नाईट गुरांकडे वळलेच नाहीत. लढाऊ युनिट आपणहून गुरांवर हल्ला करत नाही. त्यांनी सरळ गुराख्याला गाठलं आणि मारलं.

वाईट चाचणी होती, पण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. संगणकाच्या पहारेकऱ्याला उजेड कळत नाही, गर्दी कळत नाही, धूळ कळत नाही. नजरेच्या टप्प्यात शत्रूचं माणूस आलं का, एवढंच त्याला कळतं. नाईट आणि भालेकऱ्याची नजर ४ टाइल. म्हणजे आमिष म्हणून जे काही ठेवायचं, ते मारण्याजोगं हवं आणि ४ टाइलच्या आत यायला हवं.

बैल तूर्त बाजूला ठेवले. काढून टाकले नाहीत, घाटातच राहू दिले.

७ ऑक्टोबर. सरकणारे पलिते. वेळ: ५ तास

जनावराच्या शिंगाला पलिता बांधायची सोय एडिटरमध्ये नाही, एक वस्तू दुसरीला चिकटत नाही. उपाय: रस्त्यावर १० जागा नेमल्या, दर ४ टाइलवर एक. प्रत्येक जागेला एक ट्रिगर, म्हणजे ‘अट पुरी झाली की परिणाम घडव’ अशी सूचना. ट्रिगरमध्ये ‘टायमर’ ही अट आणि तीन परिणाम: ‘क्रिएट ऑब्जेक्ट’ने या जागी टॉर्च उभा करणं, ‘रिमूव्ह ऑब्जेक्ट’ने मागच्या जागेचा टॉर्च काढणं, ‘अ‍ॅक्टिव्हेट ट्रिगर’ने पुढचा ट्रिगर चालू करणं. दुरून पाहिलं की उजेड सरकत चालल्यासारखा दिसतो.

चुका क्रमाने लिहितो, कारण चारही चुका हे करणाऱ्या प्रत्येकाकडून होतील.

टायमर आधी २ सेकंदांचा ठेवला. ४ टाइल २ सेकंदांत म्हणजे सेकंदाला २ टाइल. गेममधला स्काउट घोडासुद्धा १.५५ ने धावतो. उजेड उडत गेल्यासारखा दिसला. ५ सेकंद केल्यावर ०.८ झाला, गावकऱ्याच्या चालीइतका. गुरांच्या कळपाला तो शोभतो. दहा जागांना मिळून ५० सेकंद.

ट्रिगर चुकून ‘लूपिंग’ राहिला. लूपिंग ट्रिगरमधला क्रिएट ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा चालत राहतो. काही वेळात एका टाइलवर टॉर्चचा ढीग झाला आणि गेम अडखळायला लागला.

‘रिमूव्ह ऑब्जेक्ट’ला वस्तूचा प्रकार दिला, क्षेत्र द्यायचं राहिलं. क्षेत्र नसेल तर तो परिणाम नकाशावरच्या त्या खेळाडूच्या त्या प्रकारच्या सगळ्या वस्तूंना लागू होतो. लाल महालाच्या दारातल्या मशालीही विझल्या. प्रत्येक ट्रिगरला ‘सेट एरिया’ हाताने करावं लागतं, दहा वेळा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ चौथ्या चुकीने खाल्ला, दोन तास. पहिल्या ट्रिगरमध्ये दोन अटी एकत्र होत्या: महालावर छापा पडला पाहिजे, आणि त्यानंतर १० सेकंद गेले पाहिजेत. उजेड दर वेळी छाप्याच्या क्षणीच सुरू व्हायचा. टायमर शेजारच्या अटीची वाट पाहत नाही. ट्रिगर चालू झाला की त्याची मोजणी सुरू होते. हा ट्रिगर डाव सुरू झाल्यापासूनच चालू होता, म्हणून छापा पडेपर्यंत त्याचे १० सेकंद केव्हाच संपलेले असायचे. उपाय: दोन ट्रिगर करायचे. पहिल्यात फक्त छाप्याची अट, परिणाम म्हणून दुसरा चालू. दुसरा सुरुवातीला बंद, त्यात फक्त टायमर. ‘अमुक झाल्यावर इतक्या वेळाने’ असं काहीही हवं असेल तर हाच मार्ग.

११ ऑक्टोबर. पहारा हलवणं. वेळ: ३ तास

मुघल बाजूला नेहमीचा एआय (संगणकाचा खेळाडू) जोडलेला होता. तो आपल्या मनाने युनिट हलवतो, ट्रिगरने पाठवलेल्या नाईटना मध्येच परत बोलावतो. प्लेअर २ चा एआय ‘नन’ केला. आता युनिट फक्त आपल्या पवित्र्याप्रमाणे (आपणहून हल्ला करायचा की नाही, या सेटिंगप्रमाणे) आणि ट्रिगरप्रमाणे वागतात. असा डाव बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करावं.

उजेड सुरू झाला की नाईट घाटाच्या तोंडाशी जावेत यासाठी आधी ‘टास्क ऑब्जेक्ट’ वापरलं. नाईट निघाले, वाटेत मराठ्यांच्या १२ भालेकऱ्यांच्या अगदी जवळून गेले आणि कुणाकडे पाहिलंही नाही. टास्क ऑब्जेक्टने दिलेली साधी चाल म्हणजे फक्त चाल, वाटेत लढणं नाही. ‘अटॅक मूव्ह’ केल्यावर ते वाटेत दिसेल त्यावर तुटून पडायला लागले. डाव कठीण झाला आणि खराही झाला: आता निसटताना पहाऱ्याच्या वाटेपासून ४ टाइलपेक्षा जास्त दूर राहावं लागतं.

किती जणांना पाठवायचं? सुरुवातीला सगळे २६ पाठवले. मग खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही, सिंहगडाचा रस्ता मोकळा पडतो. आता ७ नाईट घाटाकडे जातात, ३ नाईट महालाभोवती गस्त घालतात आणि भालेकरी जागेवर राहतात. तीन नाईट १२ भाल्यांना फार जड नाहीत, पण त्यांच्याशी लढण्यात गेलेला वेळ पुढे महागात पडतो.

एक तत्त्व या टप्प्यावर ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं: ट्रिगर नाईटना फक्त घाटाच्या तोंडापर्यंत आणेल. तिथून पुढे त्यांना ओढून नेण्याचं काम खेळणाऱ्याच्या चार घोडेस्वारांनी करायचं. ट्रिगरनेच सगळी हूल दिली तर तो चित्रपट झाला, खेळ राहत नाही.

१२ ऑक्टोबर. आमिषाचा वेग. वेळ: ६ तास, सर्वांत कामाचे

सगळ्यांचा समज असा की आमिष जितकं वेगवान तितकं चांगलं. चाचणीत उलटं निघालं. आक्रमक पवित्र्यातलं युनिट शत्रू दिसेनासा झाला की पाठलाग सोडतं. आमिष फार वेगवान असेल तर काही सेकंदांत नजरेबाहेर जातं आणि पाठलाग संपतो.

पाठलाग करणारा नाईट, वेग १.३५, नजर ४ टाइल. आमिष २ टाइलवरून पळायला लागतं असं धरलं. अंतर २ वरून ४ होईपर्यंत नाईट मागे येणार.

स्काउट कॅव्हलरी, वेग १.५५. दर सेकंदाला ०.२० टाइल फरक. १० सेकंदांत निसटतो. तेवढ्यात नाईट १३ ते १४ टाइल ओढला जातो.

लाइट कॅव्हलरी, वेग १.५. फरक ०.१५. साधारण १३ सेकंद, १८ टाइल.

उंटस्वार, वेग १.४५. फरक ०.१०. २० सेकंद, २७ टाइल.

कागदावर उंट सरस आहे. पण उंटाला घोडदळाविरुद्ध जादा मार मिळतो. चार उंट हाताशी आले की खेळणारा हूल द्यायची सोडून लढायला लागतो, आणि नाईट मारून डाव जिंकतो. ते नको होतं. लाइट कॅव्हलरीच ठेवली. तिचा मार ७, जीव ६०. नाईटचा मार १०, जीव १००. समोरासमोर उभं राहायचं नाही हे आकडेच सांगतात. रोजच्या खेळात तिची किंमत ८० अन्न, सोनं शून्य. म्हणून बाहेरच्या डावातही आमिषाला हीच पाठवावी. ६० अन्न आणि ७५ सोन्याचे नाईट आमिष म्हणून घालवू नयेत.

मग १८ टाइलवर सुटणारा पाठलाग लांबवायचा कसा? थांबून. आमिष एक सेकंद थांबलं की नाईट १.३५ टाइल जवळ येतो. तेवढं अंतर ०.१५ च्या फरकाने परत मिळवायला ९ सेकंद लागतात. म्हणजे ९ सेकंद पळायचं, १ सेकंद थांबायचं, पुन्हा पळायचं. या तालावर अंतर साधारण तेवढंच राहतं आणि नाईट घाट संपेपर्यंत मागे येतात. हे सेकंद गेमचे आहेत. १.७ या नेहमीच्या गतीवर ९ सेकंद म्हणजे घड्याळातले पाच-सव्वापाच आणि थांबा अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. दोन-तीनदा केलं की बोटांना ताल सापडतो.

इथे काय काय बिघडलं:

थांबा दिल्याबरोबर लाइट कॅव्हलरी मागे वळून लढायला गेली. चारही मेले. त्यांचा पवित्रा आक्रमक होता. आमिषाला ‘नो अटॅक’ पवित्रा द्यायलाच हवा. आता सुरुवातीलाच ‘चेंज ऑब्जेक्ट स्टान्स’ने तो दिलेला आहे, खेळणाऱ्याने विसरलं तरी चालतं.

चौघांना एकत्र हलवलं की ते रांग धरतात. वळणावर रांग जुळवण्यात वेळ जातो आणि मागचा स्वार मारला जातो. दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि त्या कंट्रोल १ आणि कंट्रोल २ या कळांना नेमल्या. एक जोडी पळत असताना दुसरी पुढच्या वळणावर उभी राहते. पहिली दमली, म्हणजे तिचा जीव निम्म्यावर आला, की नाईट दुसरीच्या नजरेत आणून सोडायचे. मावळ्यांच्या गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शिफ्ट दाबून वाटेचे टप्पे आधीच आखून ठेवले तर आमिष न थांबता धावत राहतं, थांबा घालायची सोय त्यात नाही. टप्पे फक्त शेवटच्या पळासाठी वापरावेत, जेव्हा खरंच निसटून जायचं असतं.

एक फायदा आयता मिळाला. घाटाचा रस्ता चढाचा केला आहे. वर असणाऱ्याचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, खाली असणाऱ्याचा २५ टक्क्यांनी घटतो. आमिष सतत वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे एखादा नाईट गाठ पडलाच तरी त्याचा घाव हलका बसतो.

१८ ऑक्टोबर. ६६ सेकंद. वेळ: २ तास

पूर्ण डाव पहिल्यांदा सलग खेळला. हूल उत्तम जमली, आणि तरीही गडाच्या पायथ्याशी नाईटनी गाठलं.

हिशेब मांडल्यावर कारण दिसलं. निसटणाऱ्या तुकडीचा वेग तिच्यातल्या सर्वांत हळू युनिटचा. भालेकरी १ टाइल प्रतिसेकंद, म्हणून ६६ टाइलना ६६ सेकंद. नाईट लाल महाल ते घाट ४० टाइल, सुमारे ३० सेकंद. हूल ओळखून घाटातून सरळ गडाकडे वळले तर ५० टाइल, ३७ सेकंद. बेरीज ६७. दोघेही जवळपास एकाच सेकंदाला दारात.

म्हणजे नाईटना घाटाच्या तोंडापर्यंत आणून सोडणं पुरेसं नाही. पुढे जितकी सेकंदं घाटात अडकवाल तितकाच तुमचा वेळ. वर ९ आणि १ चा ताल सांगितला, त्याचं एक पूर्ण आवर्तन १० सेकंदांचं. दोन आवर्तनं म्हणजे २० सेकंद, शिवाय ओढत आत नेल्यामुळे परतीचं अंतरही वाढतं. दोन आवर्तनं साधली की तुकडी सुखरूप पोचते, एकच साधलं तर शेवटचे दोन-तीन भालेकरी सापडतात. हा तोल इतका नेमका पडला की अंतरं पुन्हा बदलली नाहीत.

नाईट परत कधी फिरतात हेही ठरवावं लागलं. आमिष नजरेबाहेर गेल्यावर ते घाटात तसेच उभे राहायचे आणि डाव सोपा व्हायचा. आता शेवटचा पलिता विझल्यावर ट्रिगर त्यांना अटॅक मूव्हने गडाकडे पाठवतो. कुणाचा पाठलाग चालू असेल तर तोही तिथेच तुटतो. खेळणाऱ्याला वेळ कळावा म्हणून घड्याळ दाखवायचा विचार होता, तो सोडला. दूर विझणारा उजेड पुरेसा सांगतो.

१९ ऑक्टोबर. वरात, दरवाजा आणि बुरूज. वेळ: ४ तास

लग्नाच्या वरातीच्या मिषाने शहरात शिरल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती गेममध्ये बसवायला एक सोपी सोय मिळाली: सुरुवातीला दोन्ही बाजूंनी ‘अ‍ॅलाय’. मित्राच्या युनिटवर कुणी हल्ला करत नाही आणि दरवाजा मित्राला आपोआप उघडतो. महाराजांची तुकडी सरळ वेशीतून आत. छापा पडला की ‘चेंज डिप्लोमसी’ने शत्रुत्व.

पहिली गफलत: चेंज डिप्लोमसी एकतर्फी असतं. प्लेअर १ ने २ ला शत्रू मानलं, २ अजून मित्रच मानत होता. पहारेकरी शांतपणे मार खात उभे. परिणाम दोन लागतात, दोन्ही दिशांना एकेक.

दुसरी गफलत जास्त बोधक. शत्रुत्व सुरू झालं त्याच क्षणी दरवाजा बंद झाला. आता तो शत्रूला उघडणार नाही. आख्खी तुकडी तटाच्या आत कोंडली गेली. मुदपाकखान्याच्या बाजूची बुजवलेली वाट फोडून आत शिरल्याची हकिकत आठवली, आणि मागच्या तटात दोन टाइलची फट ठेवली. आत दरवाजातून, बाहेर फटीतून.

तिसरी: बुरुजाच्या बाणांनी आमिषाच्या जोड्या टिपल्या. सुरुवातीचं युग ‘पोस्ट-इम्पीरियल’ निवडलं होतं, युनिट चांगली दिसावीत म्हणून. त्यात सगळी संशोधनं फुकट मिळतात, बॅलिस्टिक्सही. बॅलिस्टिक्स असेल तर बाण धावणाऱ्याच्या पुढचा अंदाज घेऊन पडतो. नसेल तर तो धावणारा जिथे होता तिथे पडतो आणि आडव्या पळणाऱ्याला सहसा लागत नाही. युग कॅसल केलं, मुघलांना बॅलिस्टिक्स दिलं नाही. आता बुरुजासमोरून आडवं पळत बाण वाया घालवणं ही खेळणाऱ्याला मिळालेली दुसरी हूल आहे. सरळ बुरुजाकडे पळालात तर बाण लागतात, कारण रेषा तीच राहते.

रोजच्या सामन्यातही हे तपासूनच आमिष पाठवावं. बॅलिस्टिक्सला ३०० लाकूड आणि १७५ सोनं पडतं आणि कॅसल युगात धनुर्धारी खेळणारा ते लवकर घेतो. त्याआधी एक घोडेस्वार बाणांच्या अख्ख्या फळीला नाचवू शकतो. त्यानंतर तोच घोडेस्वार ८० अन्नाचं नुकसान आहे.

२५ ऑक्टोबर. समोर माणूस. वेळ: ५ तास

मुघल बाजू माणसाला दिली. पहिल्या डावात त्याने सगळे नाईट घाटाकडे पाठवले. दुसऱ्या डावात ४ पाठवले आणि ६ सिंहगडाच्या वाटेवर उभे केले. तिसऱ्यात कुणालाच पाठवलं नाही.

माणसाला ४ टाइलची नजर फसवत नाही. तो मिनिमॅप (पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) बघतो. आधी तर त्याला पलिते दिसतच नव्हते, कारण घाट नजरेबाहेरचा भाग झाकणाऱ्या धुक्याखाली होता. घाटात प्लेअर २ च्या नावाने ‘मॅप रिव्हीलर’ ठेवला तेव्हा दिसले. पण मिनिमॅपवर टॉर्चचा ठिपका उमटत नाही. माणूस ठिपके मोजतो, आणि घाटात चारच ठिपके होते.

इथे बैल परत आले. प्लेअर १ च्या मालकीची गुरं मिनिमॅपवर प्लेअर १ च्या रंगाचे ठिपके होऊन दिसतात. आठ गाईंच्या चोवीस केल्या, सोबत दोन गुराखी ठेवले म्हणजे गुरं रंग बदलणार नाहीत. दक्षिणेकडे सरकणारे अठ्ठावीस-तीस ठिपके आणि गडाच्या वाटेवर तेरा. समोरच्याने नाईट घाटात पाठवले. जवळ गेल्यावर त्याला गुरं दिसली, पण तोवर ३० सेकंद खर्ची पडले होते आणि परतीचे ३७ बाकी होते. मिनिमॅप ‘कॉम्बॅट’वर (फक्त लढाऊ युनिट दिसतील असा) ठेवणाऱ्याला गुरं दिसत नाहीत, त्याच्यापुढे ही हूल चालत नाही.

त्याच्यासाठी दुसरा उपाय: आमिषाच्या एका जोडीने मुघलांच्या लाकूडतोड्यांवर एक फेरी मारायची. हल्ल्याचा इशारा वाजतो, मिनिमॅपवर खूण चमकते, आणि माणसाची नजर तिकडे जाते. ती जोडी मेली तरी चालते. तिचं काम इशारा वाजण्यापुरतं असतं. मात्र वेळ साधावी लागते: फट ओलांडायच्या आधी दोन-तीन सेकंद. आधीच वाजवला तर तो पाहून परत येतो, उशिरा वाजवला तर त्याने निसटणारी तुकडी पाहिलेली असते. यासाठी ‘नो अटॅक’ पवित्रा त्या जोडीपुरता काढावा लागतो. दोन डाव त्या विसरण्यामुळे फुकट गेले, घोडेस्वार लाकूडतोड्यांशेजारी नुसते उभे राहिले.

नेहमीच्या सामन्यांसाठी याच जातीची आणखी एक युक्ती तपासली. शत्रूच्या दारात किल्ल्याचा पाया आखून एका गावकऱ्याने बांधायला सुरुवात करायची. नुसता आखलेला पाया शत्रूला दिसत नाही, पहिली कुदळ पडल्यावरच दिसतो, म्हणून सुरुवात करणं भाग आहे. तो धावून आला की पाया मोडायचा. ६५० दगडांपैकी बांधून झालेला हिस्सा जातो, उरलेला परत मिळतो. दोन-तीन टक्क्यांवर मोडला तर वीस दगडांच्या आत भागतं आणि समोरच्याची फौज मात्र चालून आलेली असते.

२६ ऑक्टोबर. शेवटची मोडतोड. वेळ: ३ तास

महालाजवळचे नाईट एकमेकांत अडकत होते म्हणून डिलीट करून पुन्हा ठेवले. त्यानंतर एकही ट्रिगर त्यांना हलवेना. ट्रिगर युनिटला त्याच्या आतल्या क्रमांकाने ओळखतो. डिलीट केलं की क्रमांक गेला, नव्या नाईटला नवा क्रमांक. जागाच बदलायची असेल तर युनिट्स टॅबमधलं ‘मूव्ह’ वापरावं, क्रमांक तोच राहतो. सगळ्या अटॅक मूव्ह आणि ‘पॅट्रोल’ (गस्त) परिणामांमध्ये नाईट पुन्हा निवडावे लागले.

आजपासून प्रत्येक बदलाआधी फाइल नव्या नावाने साठवायची: कात्रज_०१, कात्रज_०२ अशी. सध्या १४ वर आहे. एकूण वेळ ३५ तास.

राहिलेलं काम: गुरं कळपाने सरकतात तेव्हा दोन-तीन गाई वळणावर कड्याला अडकून मागे राहतात आणि ठिपक्यांची रांग तुटते. वळण चार टाइलवरून सहा टाइल रुंद करून पाहायचं आहे. दुसऱ्या गुराख्याला कळपाच्या मागे ठेवलं तर अडकलेली गुरंही हाताशी राहतील, तेही तपासायचं आहे.